आवा पेटविण्यापूर्वी

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस घरातल्या मांजराला फार वाईट असतात. वर्षभर ज्या माळ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या माळ्याला शिडी लागते. पितळेची मोठी भांडी, जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, धान्याची रिकामी पोती असे सारे खाली येऊ लागते आणि त्या पसाऱ्याच्या मागे, अजून डोळेही न उघडलेली तीन-चार पिले सापडतात. मग घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, राहू द्या. मोठी माणसे म्हणतात, सणासुदीला ही घाण कोण काढणार? मुलांचा पक्ष बहुमतात असला तरी राज्य मोठ्यांचेच असते. संध्याकाळपर्यंत एक पोते, एक सुतळी आणि एक सायकल यांची जमवाजमव होते, आणि वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेची तयारी चालू होते तेव्हा माळा स्वच्छ झालेला असतो.

याच घरात, याच आठवड्यात, कोणाच्या तरी मोबाइलवर एक चित्रफीत येते. कुठल्याशा दूरच्या शहरात कोणी तरी मांजराला लाथ मारलेली असते, नाही तर कुत्र्याच्या पिलाला गच्चीवरून फेकलेले असते. घरातली सारी माणसे ती पाहतात आणि साऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. 'असल्या माणसाला भर चौकात फोडून काढला पाहिजे', असा निकाल चहा संपण्यापूर्वीच लागतो. हा संताप खोटा नसतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलेले असते. मात्र त्या पोत्याची आठवण त्या क्षणी कोणालाही होत नाही.

या विसंगतीवर ढोंगाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. मला ते करावयाचे नाही. आपण एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करतो तसे या सार्वजनिक संतापाचे परीक्षण करून पाहावे, एवढीच माझी इच्छा आहे. त्यात नायक कोण, खलनायक कोण आणि मुख्य म्हणजे त्यातून कोणते प्रसंग गाळले गेले आहेत, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही.

प्रथम आपल्या भाषेचीच झडती घेऊ. मराठी म्हणींतले मांजर हे जवळजवळ नेहमीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असते. ते डोळे मिटून दूध पिते, उंदराला साक्षी म्हणून उभे राहते आणि शिंके तुटले की फावते ते बोक्याचेच. ते आडवे गेले तर आपली कामे फिसकटतात, आणि कोणी फजीत झाला तर तो भिजलेल्या मांजरासारखा दिसतो. मराठीच कशाला, 'पंचतंत्रा'तला दधिकर्ण हा बोका तपस्व्याचे सोंग घेऊन न्याय मागायला आलेल्यांनाच खाऊन टाकतो, आणि मनुस्मृतीने तर ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' असे नावच देऊन ठेवले आहे. कुत्र्याच्या वाट्याला इमान आले, गाईच्या वाट्याला माया आली, बैलाच्या वाट्याला पोळा आला. मांजराच्या वाट्याला संशय आला.

परंतु याच समाजाने मांजराला एक मोठे संरक्षणही दिले. मांजर मारू नये. मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली आहे. गाईखेरीज दुसऱ्या कोणत्या घरगुती प्राण्याच्या जिवाची एवढी किंमत आपण ठरविली असेल असे वाटत नाही. या समजुतीवर भगवतीचरण वर्मा यांची 'प्रायश्चित्त' नावाची हिंदी कथा आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या आपल्या घरांना हिंदी परकी नाही, त्यामुळे पुष्कळांनी ती वाचलीही असेल. घरातल्या नव्या सुनेला एका कबऱ्या मांजरीने दूध-तुपापायी जेरीस आणलेले असते. एके दिवशी सून तिला पाट फेकून मारते, मांजर निपचित पडते आणि घरात हाहाकार उडतो. पंडित येतात, एकवीस तोळ्यांच्या सोन्याच्या मांजरापासून बोलणे सुरू होते आणि घासाघीस होत होत अकरा तोळ्यांवर सौदा ठरतो. इतक्यात मोलकरीण सांगत येते की मांजर उठून पळून गेले!

ही कथा वाचून आपण पंडितजींना हसतो, आणि हसावेच. परंतु कथेतली एक गोष्ट हसण्याच्या भरात निसटून जाते. ती मांजर मेली आहे की जिवंत आहे, हे जवळ जाऊन पाहण्याचे एवढ्या मोठ्या घरात कोणालाच सुचत नाही. पाप मोजले गेले, तोळे मोजले गेले, मांजराची नाडी मात्र कोणी पाहिली नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, सोन्याच्या मांजराचा दंड फक्त मारण्याला आहे. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडले, तर काशीचे देणे लागत नाही. आमच्याकडच्या बाया हेच सांगून मनाची समजूत घालतात: "मारलं थोडंच आपन? सोडून देलं." धर्माच्या वहीत ही पळवाट राहिली, आणि पिढ्यान्पिढ्या मांजरे तिच्यातून पोत्यात गेली.

याच परंपरेत मांजराची एक निराळी कथाही आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त पंढरपूरच्या राका कुंभाराची गोष्ट येते. राकाच्या घरी एका मांजरीने कच्च्या मडक्यात पिले घातली. आवा रचताना ते मडके नजरचुकीने इतरांबरोबर आत गेले आणि आव्याला आग लावली गेली. मग ती मांजरी आव्याभोवती आक्रोश करीत फिरू लागली, तेव्हा काय घडले ते राकाच्या ध्यानात आले. आग आता विझविता येत नव्हती. राकाने पांडुरंगाचा धावा केला, पिले वाचली तर संसार सोडीन असा संकल्प केला. आवा उघडला तेव्हा ते एक मडके कच्चेच राहिले होते आणि पिले जिवंत होती. राकाने आपला शब्द पाळला.

कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा त्यांचा सारा जोर चमत्कारावर असतो, आणि श्रोत्यांनाही तोच ऐकावयाचा असतो. पण कथा म्हणून पाहिले तर तिचे सामर्थ्य चमत्कारात नाही. या कथेत खलनायक नाही. कोणी दुष्टपणा केलेला नाही, कोणी मांजराला मारलेले नाही. एका कामसू, देवभोळ्या माणसाने आपले रोजचे काम करताना मडक्यात डोकावून पाहिले नाही, इतकेच. आणि तरीही तो 'माझा काय दोष?' असे म्हणत नाही. मांजरीलाही बोल लावीत नाही की तुला पिले घालायला माझेच मडके सापडले का! आपल्या घराच्या आश्रयाला आलेल्या जिवाचे जे काही झाले ते आपल्या हातून झाले, असे तो धरून चालतो. दया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अश्रू येतात. राकाची दया अश्रूंच्या आधी हिशेब मागते, आणि तो हिशेब स्वतःकडे मागते.

आश्रयाला येणे हा शब्द मी सहज वापरलेला नाही. त्याचे मूळ आमच्या विदर्भातच आहे. तेराव्या शतकात अमरावतीकडच्या रिद्धपुरी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडलेल्या सशाची लीळा आहे. पारधी आपली शिकार परत मागतात आणि स्वामी ती देत नाहीत, कारण जो शरण आला त्याला मरण देता येत नाही. तो ससा स्वामींनी पाळलेला नव्हता. तो आला, एवढेच त्याचे नाते. माळ्यावर व्यायलेल्या मांजरीचे आपल्या घराशी जे नाते असते, ते याहून निराळे नाही.

मराठी कुटुंबांच्या मनात घर करून बसलेली आणखी एक मांजर आहे: साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधली मथी. आई गेली आणि मथीने अन्नपाणी सोडले, तीही मागोमाग गेली. ते पान वाचताना रडला नाही असा मुलगा माझ्या पाहण्यात नाही. परंतु त्या रडण्याचे आपण पुढे काय केले? मांजर एवढे प्रेम करते म्हणून ते थोर, असा धडा आपण घेतला. म्हणजे प्रेमाची परीक्षा मांजराने द्यावयाची आणि ती उत्तीर्ण झाली तर आपण डोळे पुसावयाचे! आईने मथीचे काय केले होते, की जिच्यावाचून तिला घास जाईना, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. मथी ही त्या घरातली होती. नुसती त्या घरात नव्हती. सारा फरक या दोन विभक्तींत आहे.

आता संतापाच्या इतिहासाकडे वळू. मुक्या प्राण्यांसाठी लोकांनी रस्त्यावर येण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी माणसे लावली आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले. पारशांना कुत्रा पवित्र. जूनच्या ६ तारखेला ते खवळून उठले, इतर जमातीही त्यांना मिळाल्या, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि गोऱ्या शिपायांच्या रसदीचे हाल झाले. अखेर सरकार नमले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावी, असे ठरले. शहराबाहेर नेऊन सोडल्यावर त्यांचे काय झाले असेल, याची पुढे फारशी वास्तपुस्त झालेली दिसत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या दंग्याचा शेवटही अखेर पोत्यातच झाला.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याने तर असा संताप फार जवळून पाहिला. २०१८च्या नोव्हेंबरात, दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असताना, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ 'अवनी' वाघिणीला रात्री गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिच्यामागे दोन बछडे राहिले. मुंबई-दिल्लीपर्यंत निषेधाचे मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या. इकडे ज्या गावांतली माणसे शेतात गेली ती परत आलीच नव्हती, त्या गावांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणाचे बरोबर होते याचा निवाडा मी येथे करीत नाही. सांगावयाचे आहे ते पुढचे. त्या बछड्यांपैकी मादी त्याच डिसेंबरात पकडली गेली, पेंचला नेऊन वाढविली गेली आणि २०२१च्या मार्चमध्ये जंगलात सोडल्यावर थोड्याच दिवसांत मेली. ती बातमी छापून आली तेव्हा पूर्वीच्या गर्जनेचा शतांशही कानावर आला नाही. गोळीला आवाज असतो, म्हणून तिच्यामागे संताप धावत जातो. सांभाळण्यात झालेल्या चुकीला आवाज नसतो.

वाघीण पाळीव नव्हती, असे कोणी म्हणेल. तर खास मांजराचेच उदाहरण घेऊ. २०१० साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी एक बाई रस्त्याने चालली असता भिंतीवर बसलेल्या लोला नावाच्या मांजरीपाशी थांबली, तिला दोन वेळा कुरवाळले, आणि मग इकडेतिकडे पाहून मानगूट धरून तिला कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून झाकण लावून चालती झाली. मांजर पंधरा तास आत होती. घरावर लावलेल्या कॅमेऱ्याने हे टिपले होते. चित्रफीत जगभर गेली. बाईला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तिच्या दारी पोलीस ठेवावे लागले. न्यायालयाने तिला २५० पौंड दंड केला आणि पाच वर्षे प्राणी पाळण्याची बंदी घातली. शिक्षा योग्यच झाली. परंतु लोला रस्त्याकडेच्या भिंतीवर एकटी काय करीत होती, हा प्रश्न त्या कोलाहलात कोणी विचारला असता तर लोकांनी त्यालाच मारले असते. तिच्या धन्यांचे प्रेम निर्विवाद होते. तिला शोधून काढले ते त्यांनीच. पण मांजर मोकळे सोडणे म्हणजेच त्याच्यावर प्रेम करणे, हे तिकडे इतके रूढ आहे की त्यात काही जोखीम आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पंधरा तासांनंतर का होईना, ती सापडली. जी ट्रकखाली जातात त्यांची चित्रफीत निघत नाही.

कायदाही या बाबतीत लोकांच्या संतापासारखाच चालतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने हा प्रश्न लावून धरला आणि त्यातून १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याचे अकरावे कलम प्रत्येक घराने एकदा तरी वाचावे असे आहे. मारणे, छळणे हे त्यात आहेच. परंतु पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे, आणि भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हेही त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. संसर्गजन्य रोग झालेला प्राणी जाणूनबुजून रस्त्यावर मोकळा सोडणे हाही गुन्हा आहे. म्हणजे काशीच्या वहीत नसलेले ते पोते या कायद्याच्या वहीत आले. पण कायद्याने त्याची किंमत किती ठेवली? पहिल्या गुन्ह्याला १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत दंड! उलट प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, लुळेपांगळे करणे यांसाठी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुंबईत चेंबूरला २०१८ साली मांजर मारणाऱ्या एका माणसाला पुढे न्यायालयाने ९,१५० रुपये दंड केला, तोही मारल्याबद्दलच. मारण्याला सोन्याचे मांजर आणि सोडण्याला पन्नास रुपये, असा हा हिशेब आहे. धर्मशास्त्र बदलले, राज्य बदलले, तराजू मात्र तोच राहिला.

येथवर आल्यावर कोणी म्हणेल की मग मांजराला घरातच कोंडून ठेवावे काय? परदेशांत तसे नियम झाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा राजधानी प्रदेशात १ जुलै २०२२ला किंवा नंतर जन्मलेली मांजरे धन्याच्या आवारातच ठेवावी लागतात. जर्मनीतल्या वाल्डोर्फ गावाने २०२२ साली, तुरेवाल्या चंडोलाच्या विणीच्या हंगामात गावाच्या काही भागातली मांजरे बाहेर सोडण्यास मनाई केली. हा पक्षी जमिनीवर घरटे करतो आणि आपल्याकडेही माळरानावर दिसतो. यामागे मोठी कारणे आहेत. न्यूझीलंडच्या स्टीव्हन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झाले. त्याच सुमारास तेथे आलेल्या मांजरांनी, त्या बेटावर उरलेली एका चिमुकल्या पक्ष्याची सारी जात थोड्याच काळात संपवून टाकली. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारीत असावीत, असा अंदाज २०१३ साली तिकडच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यातला मोठा वाटा पाळलेल्या मांजरांचा नाही, धनी नसलेल्या मांजरांचा आहे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. आपण पोत्यातून जे नदीपलीकडे सोडतो ते नाहीसे होत नसते. ते तिकडच्या चिमण्यांच्या, खारींच्या आणि चंडोलांच्या वाट्याला जाते.

तरीही कॅनबेऱ्याचा नियम जसाच्या तसा आर्णीला लावणे हा शुद्ध पुस्तकीपणा होईल. चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात मांजर आत ठेवता येते. कौलारू घरात, जेथे भिंत आणि छप्पर यांच्यामधून वाराच काय पण बोकाही ये-जा करतो, तेथे दार लावून काय होणार? शिवाय आमच्याकडचे मांजर हे शोभेचे नव्हे. घरात कापूस, तूर, ज्वारी असते, म्हणून उंदीर असतात आणि म्हणून मांजर असते. ते घरातला एक बिनपगारी गडी आहे. त्याला कोंडले तर त्याचा धंदाच बसला.

परंतु गड्याचीही काही जबाबदारी मालकावर असते. आर्णीतून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. माहूरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या आणि रात्रीचे ट्रक यांच्या चाकांना मांजर दिसत नाही. उंदरासाठी ठेवलेले औषध उंदीर खातो आणि तो उंदीर मांजर खाते, हे आपण औषध ठेवताना विसरतो. कापसाच्या फवारणीने २०१७ साली याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. जेथे माणसाची ही गत, तेथे फवारलेल्या शेतातून येऊन आपले अंग चाटणाऱ्या मांजराचे काय होत असेल? पिसाळलेला कुत्रा मांजराला चावला तर तेच मांजर रात्री मुलाच्या पांघरुणात शिरते. तेव्हा मांजर आत की बाहेर, हा खरा प्रश्न नव्हे. ते बाहेर गेले असता त्याची वाट पाहणारे आत कोणी आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

'पाळणे' हे क्रियापद मराठीत फार भारदस्त आहे. आपण व्रत पाळतो, शब्द पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. या प्रत्येक ठिकाणी पाळणे म्हणजे स्वतःला बांधून घेणे. मुलाचा पाळणाही याच कुळातला. फक्त मांजर म्हटले की या शब्दाचा अर्थ पातळ होतो. 'आमच्याकडे एक मांजर आहे', असे आपण म्हणतो, जसे 'आमच्याकडे एक कडुनिंब आहे'. पु. ल. देशपांडे यांनी 'पाळीव प्राणी' या लेखात हौशी पाळणाऱ्यांची यथेच्छ टवाळी केली आणि ती खरीही आहे. लाडावलेल्या कुत्र्या-मांजरांनी पाहुण्याचा केलेला छळ ज्याने सोसला आहे, तो ती वाचून सुखावतो. परंतु त्या लेखातल्या हास्यास्पद माणसांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांना आपला प्राणी आपला वाटत होता. आमच्या विनोदाने अतिलाडाची खबर घेतली. दुर्लक्षाची खबर घेणारा विनोद अजून लिहिला जावयाचा आहे, कारण दुर्लक्षावर हसणाऱ्याला आधी स्वतःवर हसावे लागते.

ही सारी टीका मी दुसऱ्यांवर करीत आहे असे वाचकांना वाटू नये, म्हणून एक गोष्ट सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या माळ्यावर, दिवाळीच्या सफाईतच, एक करडी मांजर आणि तिची तीन पिले सापडली. आजीने तिला कधी हाकलले नव्हते, रोज सकाळी वाटीभर ताक-भाकरीही घातली होती. पण घरात पाहुणे यावयाचे होते. पोते धरायचे काम माझ्याकडे आले. सायकलच्या मागे बसून मी ते मांडीवर घेतले होते; पोत्यातून ऊब लागत होती. अरुणावतीचा पूल ओलांडून, पुढे पळसाच्या झुडपांपाशी आम्ही तोंड सोडले आणि मागे न पाहता परत आलो. मागे पाहिले तर मांजर रस्ता ओळखते, असे मला सांगण्यात आले होते.

पाडव्याच्या दिवशी मांजर परत आली, एकटीच. मध्ये नदी होती आणि तोंडात एका वेळी एकच पिलू धरता येते. ती माळ्यावर चढे, उतरे, शिडीपाशी येऊन ओरडे आणि पुन्हा चढे. पाहुण्यांपैकी कोणी तरी म्हणाले, "हिला भूक लागली असेल." आजीने वाटी भरून ठेवली. ती तिने हुंगलीही नाही. त्या रात्री आजी जेवली नाही, एवढे मला आठवते. ती काही बोललीही नाही. राका कुंभाराची गोष्ट मला तिनेच पूर्वी सांगितलेली होती. त्यानंतर मात्र तिने ती कधी सांगितली नाही.

त्या वेळी आम्ही काय करू शकलो असतो? आज मोजले तर फार थोडे करावे लागले असते. माळ्याचा एक कोपरा पिलांचे डोळे उघडून ती दूध सोडीपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, तसाच ठेवता आला असता. पाहुण्यांना एवढेच सांगावे लागले असते की वर बाळंतीण आहे. मांजर दोन महिन्यांत विते आणि पिलू सहा महिन्यांच्या आतही वयात येऊ शकते, त्यामुळे आज तीन असलेली पुढच्या दिवाळीपर्यंत डझनावर जातात, हे खरे. परंतु त्यावर उपाय पोते नव्हे. पशुवैद्याकडची एक लहानशी शस्त्रक्रिया आणि पिसाळरोगाची लस हा आहे. तालुक्याच्या गावी याची सोय मोठ्या शहराइतकी सहज होत नाही आणि मांजर घेऊन दवाखान्यात जाणाऱ्याला लोक हसतात. संताप करावयाचाच असेल तर तो येथे उपयोगी पडेल. एका चित्रफितीवर शंभर माणसे जेवढे बोलतात तेवढी जर गावात एकदा लसीकरणाचे शिबिर व्हावे म्हणून बोलली, तर शिबिर होईल.

सार्वजनिक संताप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तो नसता तर १९६०चा कायदा झाला नसता आणि चेंबूरचा माणूस न्यायालयापर्यंत गेला नसता. पण परीक्षणाच्या शेवटी दोष सांगितलाच पाहिजे. या संतापाच्या कथेत खलनायक नेहमी दुसरा असतो आणि तो नेहमी दूरच्या गावी राहतो. त्यात लाथ दिसते, डबा दिसतो, गोळी दिसते. न पाहिलेले मडके दिसत नाही. मांजरांच्या बहुतेक हालअपेष्टा मात्र न पाहिलेल्या मडक्यातच घडतात. राका कुंभार थोर ठरला तो देवाने त्याची पिले वाचविली म्हणून नव्हे, तर तो आव्यापाशी उभा राहून 'हे माझे' असे म्हणाला म्हणून. आपल्या आव्यात मडकी कच्ची राहत नाहीत. म्हणून आपल्याला आधीच डोकावून पाहणे भाग आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बहुतेकांची सफाई आटोपली असेल. ज्यांचा माळा अजून राहिला असेल त्यांनी शिडी लावण्यापूर्वी जरा कान द्यावा. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पहिला फटाका लावण्यापूर्वी, घरातल्या कोणी तरी मुलाबाळांपैकी एकाला पाठवून विचारावे, "मांजर आलं का?" आले नसेल तर आधी हाक मारावी. फटाका थोडा वेळ थांबेल.